ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर रेड अ‍ॅरे तुटला तर: रिबिल्डच्या आधी काय तपासायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ असो, नाहीतर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंग्ज सांभाळणारं ऑफिस असो, मशीन साधारण एकाच घडणीचं असतं. झेड४९० किंवा एक्स५७० सारखा तगडा मदरबोर्ड, त्याच्याच चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य चिपवर) बांधलेला, चार हार्डडिस्क मिळून एकच डिस्क म्हणून चालतात असा रेड अ‍ॅरे, एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायचं तयार प्रोफाइल) चालू केलेली रॅम आणि प्रोसेसरच्या व्होल्टेजला थोडा हात लावलेला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग काढण्यासाठी ओव्हरक्लॉक केलेलं. असा अ‍ॅरे एखाद्या दिवशी ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क गळालेला) दिसायला लागला की लगोलग नवी डिस्क आणली जाते आणि ती लावून रिबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून नवी डिस्क भरणं) सुरू होतं. डेटा खरा जातो तो इथं.

मदरबोर्डवरच्या रेडला स्वतःचा प्रोसेसर नसतो आणि स्वतःची मेमरीही नसते. रेड ५ ची पॅरिटी (एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढण्यासाठी ठेवलेला हिशोब) तुमचा सीपीयू काढतो आणि डेटा तुमच्याच रॅममधून जातो. रॅम एक्सएमपीवर पूर्ण स्थिर नसेल, किंवा सीपीयूला जरा जास्तच अंडरव्होल्ट केलं (व्होल्टेज कमी केलं) असेल, तर रिबिल्डमध्ये चुकलेला बिट नव्या डिस्कवर बरोबर म्हणून लिहिला जातो. शेवटी अ‍ॅरे ‘नॉर्मल’ दिसतो आणि महिन्याभरानं एखादी प्रोजेक्ट फाइल उघडत नाही. म्हणून क्रम सोडू नका: आधी बायोस (बोर्डाची मूळ सेटिंग), मग केबल आणि पॉवर, मग डिस्कची तब्येत, मग मूळ व्होल्टेजवर रॅमची परीक्षा. या सगळ्यातून मशीन पार झालं की मगच रिबिल्ड.

सुरुवातीला हात कशाला लावायचा नाही

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटनं ‘इनिशिअलाइझ डिस्क’ विचारलं तर कॅन्सल करा. त्याला हो म्हटलं की अ‍ॅरेच्या सदस्य डिस्कवर नवा पार्टिशन टेबल लिहिला जातो. ‘फॉरमॅट’ला तर नाहीच म्हणायचं. चेकडिस्क चालवायचा मोह होतो, तोही आवरा; अ‍ॅरे चुकीचा जुळलेला असताना चेकडिस्क चालवला तर तो चांगल्या फाइलींच्या नोंदीसुद्धा ‘दुरुस्त’ करून टाकतो.

इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीच्या (पुढं नुसतं आरएसटी) बायोस मेनूत ‘रीसेट डिस्क्स टू नॉन-रेड’ असा एक पर्याय आहे. नाव वाचून वाटतं की डिस्क नीट होईल. प्रत्यक्षात त्या डिस्कवरची अ‍ॅरेची माहिती पुसली जाते. डिस्कचं ‘फेल्ड’ हे लेबल काढायचा पर्याय वेगळा आहे, तो विंडोजमधल्या आरएसटीच्या प्रोग्रॅममध्ये मिळतो, आणि तोही केबल तपासल्यावरच वापरायचा.

मोबाइल काढा आणि अ‍ॅरेच्या स्क्रीनचा फोटो घ्या. कुठल्या पोर्टवर कुठल्या सिरियल नंबरची डिस्क आहे, कोणती ‘मेंबर डिस्क’ आहे, कोणती ‘ऑफलाइन मेंबर’ किंवा ‘एरर’ दाखवते, स्ट्राइप साइज (एका डिस्कवर सलग जाणारा डेटाचा तुकडा) किती आहे, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मग मशीन बंद करून प्रत्येक डिस्कवर आणि तिच्या केबलवर मार्करनं पोर्ट नंबर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढं प्रकरण डेटा रिकव्हरीपर्यंत गेलं तर याच फोटोवर सगळं अवलंबून असतं.

बायोस सेटिंग विसरला का?

ओव्हरक्लॉक केलेल्या बोर्डावर सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हे. व्होल्टेज कमी पडलं, मशीन पोस्ट झालं नाही (सुरुवातीची तपासणी पार झाली नाही), बोर्डानं दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच डिफॉल्ट सेटिंग घेतलं. किंवा कुणीतरी सीमॉस (बायोसची सेटिंग जिथं राहतात ती मेमरी) क्लिअर केला. त्यासरशी साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी धरणाऱ्या मोडवर, गेला. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढं एनव्हीएमईचा (वेगवान एसएसडींचा) रेड व्हीएमडी या सेटिंगवर चालतो; रीसेटमध्ये बऱ्याच बोर्डांवर तेही बंद होतं. बायोस अपडेट केल्यावरही हाच प्रकार होतो, आणि जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत अनेकदा लोड होत नाही.

यात रेड १ (दोन डिस्कवर एकच डेटा) वाल्यांनी विशेष सांभाळायचं. मोड एएचसीआय झाला तरी आरशातल्या दोन डिस्कपैकी एकीवरून विंडोज चालू होऊ शकतं, आणि मग सगळं लिखाण त्या एकीवरच होत राहतं. नंतर मोड परत रेड केला की आरएसटीला हा फरक समजत नाही. तो अ‍ॅरेला ‘नॉर्मल’ म्हणतो, पण दोन डिस्कवर दोन वेगळे डेटा असतात. असं झालेलं असेल तर कोणत्या डिस्कवर ताजं काम आहे ते आधी ठरवा, त्याची बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, आणि दुसरी डिस्क काढून, पुसून, नव्यानं जोडून रिबिल्ड करा.

दुरुस्तीची पद्धत अशी. मशीन बंद करून अ‍ॅरेच्या सगळ्या डिस्कच्या डेटा केबल काढा. चालू करून बायोसमध्ये जा, ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करा, म्हणजे सगळे व्होल्टेज, एक्सएमपी आणि बेस क्लॉक (बाकीचे वेग ज्यावरून ठरतात ते मूळ घड्याळ) मूळ जागी येतात. त्यानंतर फक्त साटा मोड रेड करा, आधी व्हीएमडी चालू होतं तर तेही करा, बूटची पद्धत (सीएसएम किंवा यूईएफआय) आधी जशी होती तशी ठेवा. सेव्ह करून मशीन बंद. आता केबल त्याच त्या पोर्टात लावा आणि बायोसमधूनच अ‍ॅरे बघा. निम्म्याअधिक वेळा तो इथंच जसाच्या तसा परत येतो.

डिफॉल्ट सेटिंग पुन्हा पुन्हा येत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल तपासा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला की बदलून टाका. लक्ष्मीपुरीतल्या, शाहूपुरीतल्या कितीतरी दुकानांत रात्री जाताना मेन स्विच खाली करायची पद्धत आहे. मग बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत नाही, रात्रभर घड्याळ आणि सेटिंग हा सेलच सांभाळतो आणि तो लवकर उतरतो. अशा ठिकाणी दर दोन वर्षांनी सेल बदलायचा. या छोट्या सेलपायी अख्खा अ‍ॅरे विस्कटलेला दिसणं अजिबात परवडणारं नाही.

आणखी एक हमखास घोळ: नवीन एम.२ एसएसडी बसवला आणि एक-दोन हार्डडिस्क गायब झाल्या. अनेक बोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि काही साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो. तसंच काही बोर्डांवर चिपसेटच्या पोर्टांशेजारी एएसमीडिया कंपनीच्या चिपचे वेगळे पोर्ट असतात. चिपसेटच्या अ‍ॅरेची डिस्क त्यात लावली तर ती अ‍ॅरेत येणार नाही.

केबल आणि पॉवर

क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या) यादीत सी७ क्रमांकाची ओळ बघा (दशमान पद्धतीत १९९). हा सीआरसी एररचा आकडा आहे, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला. तो कधीच कमी होत नाही, त्यामुळं जुना आकडा बघून घाबरू नका. लिहून ठेवा आणि दोन-चार तास काम करून पुन्हा बघा. वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदला. खटका असलेली केबल घ्या, १ मीटरच्या आतली, आणि पॉवरच्या जाड वायरींना खेटून नेऊ नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर असते, कनेक्टरच्या पिनांवर थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पिना पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि दोनदा लावल्या-काढल्या की पुष्कळदा एरर थांबतात. फौंड्रीच्या आवारातल्या ऑफिसात धातूचा आणि कार्बनचा बारीक कण हवेत असतो, तिथं कॅबिनेटच्या जाळ्या आणि आतला बोर्ड जास्त वेळा साफ करावा लागतो.

पॉवरचं गणित लोक करतच नाहीत. साडेतीन इंची हार्डडिस्क फिरायला सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर ८ अँपिअर. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे एकूण ४.५. एकाच साटा कनेक्टरवर स्प्लिटर लावून चार डिस्क चालवल्या तर सुरुवातीला व्होल्टेज खाली बसतं, एखादी डिस्क उशिरा उठते आणि अ‍ॅरे तिला हरवलेली समजतो. एसएमपीएसकडून (मशीनच्या पॉवर सप्लायकडून) दोन वेगळ्या केबल ओढा आणि दोन-दोन डिस्क वाटून लावा. साच्यात ओतलेले मोलेक्स-टू-साटा अ‍ॅडॉप्टर वापरू नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

मॉड्युलर (केबल काढता येणारा) एसएमपीएस असेल तर ही सूचना दोनदा वाचा: एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावायची नाही, एकाच कंपनीची असली तरी. डिस्ककडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मात्र प्रमाणित नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की चारही डिस्क एका क्षणात जातात आणि तिथं रेडचा काही उपयोग नसतो.

मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्सवर मोजा: पिवळी आणि काळी यांच्यात ११.४ ते १२.६, लाल आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मोजताना ग्राफिक्स कार्डावर लोड ठेवा, रिकाम्या मशीनवर सगळंच छान दिसतं.

डिस्क खरंच गेली आहे का

स्मार्टमध्ये ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न येऊन अडकलेले) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) या तीन ओळी महत्त्वाच्या. सी५ शून्याच्या वर असेल किंवा ०५ वाढत चालला असेल तर डिस्क बदलायचीच. तिन्ही शून्य आहेत आणि सी७ वाढतोय, तर दोष वाटेत आहे. सगळंच स्वच्छ असेल तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात ७ नंबरची नोंद म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक. १२९ म्हणजे डिस्कनं उत्तर दिलं नाही म्हणून ड्रायव्हरनं तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे वाचन-लिखाण पुन्हा करावं लागलं. १२९ वारंवार येत असेल आणि केबल ठीक असेल तर आरएसटीमधलं आणि बायोसमधलं लिंक पॉवर मॅनेजमेंट बंद करा.

साध्या डेस्कटॉप डिस्कचा एक स्वभाव आहे: खराब सेक्टर लागला की ती तो वाचायला बराच वेळ झगडत राहते. तेवढ्यात रेड तिला मेलेली ठरवून बाहेर काढतो. नासच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात आणि उरलेलं काम अ‍ॅरेवर सोडतात. बदली डिस्क घेताना म्हणूनच नासची घ्या, आणि ती सीएमआर (ट्रॅक सुटे असलेली) आहे हे मॉडेल नंबरवरून खात्री करून घ्या. डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटलच्या) नाससाठीच्या ‘रेड’ म्हणजे लाल नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या) असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, म्हणजे खोक्यावर नास लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. एसएमआर डिस्क रिबिल्डच्या सलग लिखाणात इतकी मंदावते की अ‍ॅरे तिलाही बाहेर काढू शकतो. नवी डिस्क जुन्यापेक्षा एक सेक्टरनंही लहान चालत नाही, मोठी चालते.

रेड ५ मधल्या दोन डिस्क एकदम गेलेल्या दिसत असतील तर रिबिल्डचा विचारही करू नका. प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूनं हुबेहूब कॉपी काढा आणि त्या कॉपींवर आर-स्टुडिओ किंवा यूएफएस एक्सप्लोररमध्ये अ‍ॅरे जुळवून बघा. डिस्कचा क्रम आणि स्ट्राइप साइज तिथं विचारला जातो, सुरुवातीला काढलेला फोटो तेव्हा कामाला येतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिला पुन्हा वीजसुद्धा देऊ नका, ती रिकव्हरी लॅबचीच केस आहे.

रॅमची परीक्षा आणि रिबिल्ड

बायोस डिफॉल्टवर आहे, एक्सएमपी बंद आहे. अ‍ॅरेच्या डेटा केबल काढून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास चालवा. ३२ जीबी रॅम असेल तर याला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. एकसुद्धा एरर आला तर पुढं जायचं नाही. एकेक मॉड्यूल वेगळं करून दोषी कोणतं ते शोधा.

मशीन पास झालं की केबल लावा. डिग्रेडेड अ‍ॅरे वाचता येतो, म्हणून आधी गरजेचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्याच वेळी दुसरी म्हातारी डिस्क मान टाकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं गेली तरी साडेसात तास. त्यात कुणी एडिटिंग करत बसलं तर दिवस जाईल. मशीन मोकळं ठेवा. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. एप्रिल-मेच्या दुपारी ते जमत नसेल तर रिबिल्ड रात्री करा आणि कॅबिनेटची बाजू उघडून समोर पंखा लावा.

रिबिल्डनंतर आरएसटीमधून ‘व्हेरिफाय’ चालवा, पण पहिल्यांदा ‘रिपेअर’ची खूण न करता. फरक शून्य आले पाहिजेत. फरक आले आणि तुम्ही डोळे मिटून रिपेअर केलं, तर रेड ५ मध्ये असलेल्या डेटाप्रमाणे पॅरिटी लिहिली जाते, आणि डेटाच चुकीचा असेल तर तो कायमचा होतो.

व्होल्टेज परत वाढवताना

आता हवा असलेला वेग परत आणता येतो. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची परीक्षा अ‍ॅरेच्या केबल काढून. विंडोज वेगळ्या एसएसडीवर असेल तर हे सोपं जातं. अ‍ॅरेवरूनच बूट होणाऱ्या मशीनला ओव्हरक्लॉक करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच ठेवा. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये सीपीयू, पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा यांचं घड्याळ एकाच बेस क्लॉकला बांधलेलं होतं. १०३-१०५ वर गेलं की डिस्क गळायला लागायच्या. स्कायलेकपासून झेड बोर्डांवर हे सुटं झालं, पण एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बऱ्याच बोर्डांवर बांधलेलंच आहे. वेगासाठी मल्टिप्लायर (बेस क्लॉकची पट) आहे, तो वापरा.

डीडीआर४ च्या ३२०० किंवा ३६०० च्या एक्सएमपीला रॅमचं व्होल्टेज १.३५ पुरतं. खरी गडबड ‘ऑटो’ची असते: एक्सएमपी लावताच काही इंटेल बोर्ड सिस्टिम एजंटचं (सीपीयूमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) व्होल्टेज १.३ च्याही वर नेतात. झेड४९० वर ते हातानं १.१५ ते १.२० ठेवा. एएम४ वर एसओसीला (एएमडीमधल्या तशाच भागाला) १.०५ ते १.१० पुरे, १.२ ओलांडू नका. एएम५ वर २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीनं एसओसीची मर्यादा १.३० केली, ६००० च्या रॅमला १.२० ते १.२५ वर बहुतेक काम होतं. चार मॉड्यूल लावले असतील तर व्होल्टेज रेटण्यापेक्षा वेग एक पायरी उतरवा. स्टुडिओच्या रेंडरिंगला त्यानं फारसा फरक पडत नाही.

सीपीयूचं व्होल्टेज ऑफसेटनं (मूळ आकड्यातून ठरावीक वजा करून) कमी करा, १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. लक्षात ठेवा, अंडरव्होल्ट केलेलं मशीन जड लोडखाली तासन्‌तास टिकतं आणि निवांत बसलेलं असताना पडतं, कारण लोड हलका झाला की वेग-व्होल्टेज झपाट्यानं बदलतात. एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या अंडरव्होल्टच्या सोयीलाही हेच लागू. म्हणून परीक्षेत वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी या ताण देणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर एक रात्र नुसतं चालू ठेवणंही आलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या विंडोजच्या भागाची) १८ किंवा १९ नंबरची नोंद दिसली तर दोन पायऱ्या मागं या. १७ नंबर पीसीआय एक्स्प्रेसचा असतो, तो एनव्हीएमई अ‍ॅरेवाल्यांनी बघायचा. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज पडू न देणारं सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवा. शेवटच्या पातळीवर लोड सुटताना व्होल्टेज उसळतं. चिपसेटचं व्होल्टेज ऑटोवरच राहू द्या.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (सीपीयूच्या आतल्या सूचना) असलेला बायोस टाका. जास्त व्होल्टेजमुळं हे प्रोसेसर कायमचे बिघडत होते, आणि २०२४ मध्ये इंटेलनं त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा आधीच दुखावलेला सीपीयू डिफॉल्टवरसुद्धा चुका करतो, त्याच्यावर रिबिल्ड करू नका.

घरची वीज

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांमध्ये आणि गल्लीतल्या दुकानांमध्ये हे नेहमीचं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती जमिनीत न जाता कॅबिनेटवर बसते आणि केबलींमधून बाकीच्या उपकरणांत शिरते. वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजून घ्या. दोन्ही २३० च्या आसपास हवेत. फेज-अर्थ शंभरावर घुटमळत असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय किंवा वायरच तुटलीय.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरत नाही, तो बहुतेक ३६० वॅटचा असतो आणि ग्राफिक्स कार्ड चालू असताना लगेच मान टाकतो. १ ते १.५ केव्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह घ्या, परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, कारण काही एसएमपीएस चौकोनी लहरीवर बदलताना बंद पडतात. बॅकअपची डिस्क त्याच खोलीत तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते सगळ्यांना माहीत आहे.

यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडा आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की विंडोज स्वतः बंद होईल असं सेटिंग करा. ही केबल जोडल्याशिवाय आरएसटीमधला ‘राइट-बॅक कॅश’ चालू करू नका. वीज गेली तर रॅममध्ये थांबलेलं लिखाण जातं आणि पॅरिटी अर्धवट राहते. यूपीएस दुरुस्तीला गेला असेल तेवढे दिवस तो पर्याय ‘ऑफ’वर ठेवा. लिखाण संथ होईल, ते चालवून घ्या.